शिक्षकांचे शिक्षण आणि ज्ञातीचा विद्यानिधी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या या वार्षिक मेळाव्यात शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलावयाचे म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन करावयाचे, शिष्यवृत्तीसाठी देणग्यांचे आवाहन करावयाचे आणि पालकांस दोन हिताच्या गोष्टी सांगावयाच्या, असा परिपाठ पडून गेला आहे. परिपाठ चांगलाच आहे आणि तो मोडावा असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तथापि आज विद्यार्थ्यांविषयी न बोलता त्यांस शिकविणाऱ्यांविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही आपणांपाशी मागतो.

याचे कारण असे की, उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आपल्या शाळांचे जे अंदाजपत्रक येणार आहे, त्यात ‘शिक्षक व सेवकवर्ग प्रशिक्षण’ या सदरापुढे शून्य मांडलेले आहे. गतवर्षीपर्यंत या सदराखाली अल्प का होईना, काही रक्कम असे. यंदा छपराची दुरुस्ती, विजेचे देयक आणि शिपाईवर्गाचा खर्च यांचा मेळ बसविता बसविता ते सदर रिकामे झाले. ज्यांनी हे शून्य मांडले त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. घर चालविणाऱ्यास ओढाताण काय असते ते ठाऊक असते. परंतु ते शून्य सभेने जसेच्या तसे संमत करू नये, एवढेच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

शाळा चालविणे हे एक काम आणि शिक्षक घडविणे हे दुसरे काम. पहिले आपले आणि दुसरे सरकारचे, अशी एक समजूत सांप्रत रूढ झाली आहे. ही समजूत जुनी नाही. १८५४ साली वुडचा जो प्रसिद्ध खलिता विलायतेहून आला, त्याने खासगी शाळांस सरकारी अनुदान देण्याची रीत घालून दिली, आणि त्याच खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल शाळा काढाव्यात असेही बजावले. म्हणजे अनुदान आणि अध्यापकांचे शिक्षण ही दोन्ही भावंडे एकाच कागदावर जन्मास आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंस शिकवून, अध्यापनाचे शिक्षण देऊन, मग वर्गापुढे उभे केले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करिताना प्राथमिक शाळांत प्रशिक्षित शिक्षक असावेत आणि त्यांस पोट भरेल इतके वेतन मिळावे, असा आग्रह जोतीरावांनी धरला. शाळा किती, या प्रश्नाइतकाच शाळेत शिकवितो कोण, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानिला होता.

याहून बोलके उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आहे. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी स्थापन झाली. १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आले. पुढे तिचा विस्तार कसा झाला त्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. साताऱ्यास संस्थेचे अध्यापक विद्यालय निघाले १९३५ साली. महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले १९४० साली. आणि छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले १९४७ साली. हायस्कुलाच्या आधी पाच वर्षे आणि महाविद्यालयाच्या आधी बारा वर्षे अण्णांनी शिक्षक घडविण्याची शाळा काढली. त्या वेळी संस्थेपाशी पैशांचा पूर होता असे कोणी म्हणणार नाही. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ रोखून धरले, तेव्हाही संस्था लोकवर्गणीच्या बळावर तगली. हात तंग असताना शिक्षकांच्या शिक्षणावर खर्च करावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर अण्णांनी कृतीने देऊन ठेविले आहे.

आता सांप्रतच्या स्थितीकडे वळू. आपल्या अनुदानित शाळांतील मान्य पदांचे वेतन शासन देते, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु वेतन म्हणजे शाळा नव्हे. खडू, फळा, प्रयोगशाळेतील रसायने, ग्रंथालय, वीज, पाणी, इमारतीची डागडुजी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही सगळी वेतनेतर खर्चाची बाब होय. वेतनेतर अनुदान मध्यंतरी काही वर्षे बंदच होते. २०१३ साली ते पुन्हा सुरू झाले ते वेतनाच्या पाच टक्के या दराने, आणि तोही हिशेब जुन्या वेतनमानावर. महागाई नव्या मानाने आणि अनुदान जुन्या मानाने, असा हा संसार आहे. २०२० सालच्या डिसेंबरातील शासननिर्णयाने शिपायांसारखी चतुर्थश्रेणीची पदे रिक्त झाल्यावर नियमित रीतीने न भरता त्यांऐवजी ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यावा असे ठरविले. ग्रामीण भागासाठी ही रक्कम दरमहा ५,००० रुपये ठरली. एवढ्या रकमेत पूर्ण दिवस राबणारा मनुष्य मिळत नाही. उरलेला भार संस्थेवर पडतो. असा भार चोहोंकडून येतो आणि अंदाजपत्रकातील जे सदर बोलत नाही, ओरडत नाही, मोर्चा काढीत नाही, त्या सदराचा बळी जातो. प्रशिक्षणाचे सदर हे असे मुके सदर आहे.

दुसरीकडे शिक्षकांकडून असलेली अपेक्षा मात्र दरवर्षी वाढते आहे. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या आपल्या अहवालात म्हटले होते की, प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे, ही अभिमानाची गोष्ट होय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने आणि मुख्याध्यापकाने वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे असे सांगितले आहे. पाच वर्षांचे तास २५० होतात. दिवसास सहा तास धरले तर सुमारे ४२ दिवस. म्हणजे चौपन्न वर्षांच्या अंतराने आपले ध्येय दोन-तीन महिन्यांवरून दीड महिन्याच्याही आत आले आहे, आणि या आखडलेल्या ध्येयासही आपण अंदाजपत्रकात शून्य मांडीत आहोत.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २०१७ साली ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठ निघाले. २०१९ साली ‘निष्ठा’ या नावाने प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लक्ष शिक्षकांच्या प्रशिक्षणाची योजना केंद्राने आखली आणि महामारीच्या काळात तीच योजना ‘दीक्षा’वरून चालली. यातून माहिती पुष्कळ पोहोचते. परंतु भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्रफीत पुढे सरकत राहते, शिक्षक शेवटी प्रश्नांची उत्तरे भरतो, प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्या दिवशीचा अपूर्णांकांचा तास पूर्वीप्रमाणेच होतो, हा अनुभव शिक्षकच सांगतात. पोहणे पुस्तकातून वाचता येते, पण शिकावे लागते पाण्यातच. आणि पाण्यात काठावर कोणी जाणता उभा असावा लागतो.

शिक्षकाच्या खिशाचाही विचार करावयास हवा. नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राहतो. ही योजना २००० साली सुरू झाली. २०२३ साली मानधन वाढून प्राथमिक स्तरास दरमहा १६,०००, माध्यमिक स्तरास १८,००० आणि उच्च माध्यमिक स्तरास २०,००० रुपये झाले. एवढ्या प्राप्तीत घरभाडे भागवून पुस्तके घेणारा शिक्षक वंदनीयच मानला पाहिजे. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी मिळण्यासाठी जे प्रशिक्षण आवश्यक असते, त्याचे २,००० रुपये शुल्क २०२२ साली शिक्षकांस स्वतः भरावे लागले. शिकविण्यासाठी शिकावयाचे, आणि त्याचे मोलही आपणच द्यावयाचे, असा हा न्याय आहे.

यात आणखी एक गोष्ट अशी घडली आहे की, जिच्यामुळे हा प्रश्न पुढील वर्षावर ढकलता येण्याजोगा राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, अशा सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पहिली ते आठवीपर्यंत शिकविणाऱ्यांवर याचा प्रत्यक्ष परिणाम होतो. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे निष्ठेने शिकविले, ज्यांच्या हाताखालून आपल्या घरातील मुले गेली, त्यांस आज घरी पुस्तके उघडून परीक्षेस बसण्याची पाळी आली आहे. या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे आम्ही करीत नाही. परंतु अशा वेळी संस्थेने ‘तुमचे तुम्ही पाहा’ असे म्हणावे, की त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक अभ्यासवर्ग काढावा, हा निर्णय मात्र आपल्या हातचा आहे. येथे शून्य मांडणे म्हणजे आपल्या माणसांस प्रवाहात सोडून देऊन आपण काठावरून पाहणे होय.

हा रोग केवळ आपल्याच देशातला आहे असे नाही. अमेरिकेत शाळांचा कारभार गावोगावच्या स्थानिक शाळामंडळांकडे असतो. त्यांचा पैसा मुख्यतः स्थानिक मालमत्ताकर आणि राज्याची मदत यांतून येतो, आणि केंद्राचा वाटा त्यामानाने लहान असतो. महामारीच्या काळात केंद्राने शाळांस सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. त्या मदतीची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये सरली आणि अनेक मंडळांच्या अंदाजपत्रकांस खिंडार पडले. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी मंजूर झालेले सुमारे ६.८ अब्ज डॉलर रोखून धरले. त्यांत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राखलेले सुमारे २.२ अब्ज डॉलर होते. महिनाअखेरीस ती रक्कम मोकळी झाली. परंतु शाळा उघडण्याच्या तोंडावर तो सगळा महिना शाळामंडळांस अनिश्चिततेत काढावा लागला. इतक्या धनाढ्य देशातही टंचाईचा पहिला घाव शिक्षकाच्या शिक्षणावर पडू शकतो. यावरून बोध घ्यावयाचा तो असा की, परक्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने घरात एक घागर भरून ठेवावी.

मग हे सदर नेहमी आधी का कापले जाते? आमच्या मते त्याचे कारण सरळ आहे. छप्पर गळले तर मृगाच्या पहिल्या सरीला कळते. वीज तोडली तर त्याच दिवशी कळते. शिक्षकाचे ज्ञान शिळे झाले तर मात्र दहा वर्षे कोणास कळत नाही. आणि जेव्हा कळते तेव्हा पालक आपली मुले निमूटपणे दुसऱ्या शाळेत नेऊन घालतात. मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग रोडावत आहेत, म्हणून आपण सगळे हळहळतो. वर्ग रोडावले की पटसंख्या घटते, पट घटला की संचमान्यतेत पदे कमी होतात, पदे कमी झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतात. या साखळीची पहिली कडी केवळ इंग्रजीचा मोह नव्हे. वर्गात मुलास काय मिळते, हीही ती कडी आहे. छपराच्या गळतीपेक्षा ही गळती महाग पडते.

आता कोणी विचारतील की, प्रशिक्षण म्हणजे तरी काय? दोन दिवसांचे शिबिर, उद्‌घाटनाचा नारळ, पाहुण्यांस शाल-श्रीफळ, दुपारी मिष्टान्न आणि सायंकाळी आभारप्रदर्शन, एवढाच जर त्याचा अर्थ असेल, तर उद्याचे शून्य आम्ही स्वतः अनुमोदू. आमच्या मनातले प्रशिक्षण यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा कष्टाचे आहे. जपानमध्ये शिक्षकांची एक जुनी पद्धत आहे. चार-सहा शिक्षक मिळून एका पाठाची तयारी करितात, त्यांतील एक जण तो पाठ आपल्या वर्गात घेतो, बाकीचे मागे बसून मुले कोठे अडतात ते टिपून घेतात, आणि नंतर सर्व जण बसून तो पाठ सुधारतात. या पद्धतीला लागतो तो वेळ आणि मोकळे मन. द्रव्य फारसे लागत नाही. वर्गाबाहेरची व्याख्याने वर्गात उतरावीत, यासाठी शिक्षकापाठीमागे कोणी अनुभवी सहकारी काही काळ उभा राहावा लागतो, हे परदेशातील संशोधनानेही १९८० च्या दशकापासून सांगितले आहे.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कोठून यावयाची? त्यांनी बिया, दगड, शिंपले, पाने यांची साधने केली, आणि ती वापरणाऱ्या शिक्षिका तिथेच काम करता करता घडविल्या. मुलांचे शिक्षण आणि शिक्षिकांचे शिक्षण एकाच अंगणात चालले. दारिद्र्य ही प्रशिक्षण टाळण्याची सबब नसून ते निराळ्या रीतीने करण्याचे कारण आहे, हे या दोघींनी दाखवून दिले.

सेवकवर्गाचा विसर पडता कामा नये. शाळेचा लिपिक पूर्वी हजेरीपट, दाखले आणि रोजकीर्द सांभाळी. आज त्यास ‘शालार्थ’वर वेतनदेयके, ‘सरल’वर विद्यार्थ्यांची नोंद आणि ‘यू-डायस’वर शाळेची माहिती भरावी लागते. एक आकडा चुकला तर एखाद्याचे वेतन अडते, एखाद्या मुलाचे नाव पटावरून नाहीसे होते. प्रयोगशाळेतील परिचरास आम्ल कसे हाताळावे, आग लागल्यास काय करावे, हे कोणी शिकवावयाचे? ग्रंथपालास नवी पुस्तके निवडण्याची दृष्टी कोठून यावयाची? शाळेत पाऊल टाकल्याबरोबर मुलास आणि पालकास प्रथम भेटतात ती ही मंडळी होत. त्यांचे प्रशिक्षण ही चैन नव्हे.

आता आम्ही द्रव्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण आकड्यांवाचून केलेली सूचना सदिच्छेपलीकडे जात नाही. हिशेबाच्या सोयीसाठी ६० शिक्षक आणि १० सेवक धरू. दर शिक्षकामागे वर्षास ३,००० रुपये आणि दर सेवकामागे २,००० रुपये धरिले, तर एकूण खर्च २ लक्ष रुपये होतो. हा खर्च कायमचा भागावा म्हणून साडेसहा टक्के व्याजाने सुमारे ३१ लक्षांची ठेव असावी लागेल. ज्ञातीतील ५०० कुटुंबांनी दरसाल १,२५० रुपये, म्हणजे महिन्यास शंभराहून थोडे अधिक, दिले तर वर्षास ६,२५,००० आणि पाच वर्षांत ३१,२५,००० रुपये जमतात. त्यांचे वर्षाचे व्याज २,०३,१२५ रुपये होईल. महागाईने व्याजाचे मोल घटत जाते हे खरे. यास्तव पाच वर्षांनंतरही वर्गणी अगदी थांबवू नये, अल्प प्रमाणात चालू ठेवावी.

परंतु ठेव उभी राहीपर्यंत पाच वर्षे थांबणे परवडणार नाही. तोवर विद्यानिधीच्या व्याजाचा पाचवा हिस्सा या कामी द्यावा, अशी आमची सूचना आहे. शिवाय मंगल कार्यालयाच्या भाड्यातून काही वाटा काढता येईल. ज्ञातीतील जे बंधू मोठ्या उद्योगांत अधिकारपदी आहेत, त्यांनी आपल्या कंपन्यांकडे शब्द टाकावा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांस आपल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चणे आवश्यक केले आहे आणि शिक्षण हे त्यात मोडते. शेजारच्या दोन-तीन संस्थांशी मिळून एकच अभ्यासवर्ग काढिला तर खर्च वाटला जाईल. आणि आपल्यातील जे निवृत्त प्राध्यापक, अभियंते, वैद्य, लेखापाल आहेत, त्यांनी वर्षातील दहा दिवस दिले तर ती देणगी कोणत्याही धनादेशाहून कमी नाही. नव्या करप्रणालीत व्यक्तीस देणगीची वजावट मिळत नाही, ही तक्रार आमच्या कानी येते. परंतु आपल्या पूर्वजांनी मुठी-मुठीने धान्य जमवून वसतिगृहे चालविली, तेव्हा त्यांनी वजावटीची चौकशी केली नव्हती.

या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांचाही विचार आम्ही केला आहे. पहिला आक्षेप असा की, शिष्यवृत्तीतून कापून शिक्षकांस देणे म्हणजे गरीब मुलाच्या तोंडचा घास काढणे होय. हा आक्षेप हृदयाला भिडणारा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु शिष्यवृत्ती एका मुलास एक वर्ष पोहोचते. एक चांगला घडलेला गणिताचा शिक्षक वर्षास चार वर्गांस शिकवितो आणि अशी वीस वर्षे शिकवितो. आणि ज्या गरीब मुलास खासगी शिकवणी परवडत नाही, त्यासच वर्गातील शिक्षकाची सर्वांत अधिक गरज असते. श्रीमंताचे मूल वाईट शिक्षकाच्या हाताखालूनही पार पडते. गरिबाचे मूल तेथेच अडते. तरीही चालू शिष्यवृत्त्यांपैकी एकही बंद होऊ नये, पाचवा हिस्सा वाढीव व्याजातून आणि नव्या देणग्यांतून प्रथम भरावा, अशी अट आम्ही स्वतःच घालतो.

दुसरा आक्षेप असा की, शिक्षकास शिकवून तयार करावे आणि त्याने दुसरीकडे निघून जावे. काही जण जातील. पण न शिकलेला शिक्षक जन्मभर राहिला, तर ते नुकसान अधिक नव्हे काय? त्याजकडून बंधपत्र लिहून घेण्यापेक्षा, जे शिकून आला ते त्याने दोन वर्षे सहकाऱ्यांस शिकवावे, एवढी अट पुरेशी आहे.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, परंतु तो मनात असतो, म्हणून तो आम्हीच बोलून टाकितो. शिक्षकांची भरती आता ‘पवित्र’ प्रणालीने होते. शिक्षक कोणत्याही जिल्ह्यातून, कोणत्याही समाजातून येतात. वर्गातील मुलेही सर्व जातींची असतात, आणि शासकीय साहाय्य घेणाऱ्या शाळेस जातीच्या कारणावरून कोणास प्रवेश नाकारता येत नाही, हे आपल्या राज्यघटनेनेच सांगितले आहे. मग ज्ञातीचा पैसा परक्यांवर का खर्चावा? आमचे उत्तर असे की, शाळेच्या उंबरठ्याच्या आत परका कोणीच नाही. १९०१ सालापासून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली आणि त्याच महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सर्वांसाठी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढिला. वसतिगृह ही पायरी होती. पोहोचावयाचे होते ते सर्वांच्या शाळेत. ज्ञातिसंस्थेने पायरीवरच बसून राहावयाचे नसते. शिवाय जो शिक्षक आपल्या नातवंडांस शिकविणार आहे, त्याची जात विचारून मग त्यास शहाणा करावयाचा, हा व्यवहारही शहाणपणाचा नव्हे.

शेवटी चार नियम सुचवून आम्ही थांबतो. पहिला, या निधीतून सत्कार, भोजन व छपाई यांवर एक पैसाही खर्च होऊ नये. दुसरा, काय शिकावयाचे ते शिक्षकांनी आणि सेवकांनी मुख्याध्यापकांसह ठरवावे. विश्वस्तांनी केवळ हिशेब पाहावा. तिसरा, पहिल्या वर्षी पात्रता परीक्षेस बसणाऱ्या शिक्षकांच्या अभ्यासवर्गास अग्रक्रम द्यावा. चौथा, कोणी काय शिकले, वर्गात काय बदलले आणि किती द्रव्य लागले, याचा वृत्तान्त प्रतिवर्षी स्मरणिकेत छापावा, म्हणजे देणाऱ्यास आपले दान कोठे गेले ते दिसेल आणि घेणाऱ्यास आपली जबाबदारी स्मरेल.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते. शिक्षकाच्या मनावर ते कोरता येत नाही. म्हणूनच या कामास देणारे थोडे असतात, आणि म्हणूनच ते काम ज्ञातिसंस्थेसारख्या अनेकांच्या मिळून झालेल्या संस्थेने करावे, असे आम्हांस वाटते. उद्याच्या सभेत हे सदर पुकारले जाईल, तेव्हा त्यापुढील शून्याच्या जागी पहिल्या वर्षापुरते तरी २ लक्ष रुपये घालण्याची उपसूचना आम्ही मांडणार आहोत. तीस आपण अनुमोदन द्यावे, अशी आमची विनंती आहे.